मोरपिसांचा टोप गेटवर नाचणार नाही

मंडळी, आज आमच्या उटनूरकडच्या शाळेत आदिवासी दिन झाला आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

सकाळपासून पोरं अन् त्यांचे मायबाप मैदानातलं गाजरगवत उपटत होते. तेवढ्यात प्रमुख पाहुणे म्हणून येणाऱ्या साहेबांच्या माणसाचा फोन आला, "साहेब येतील तेव्हा गेटवर मोरपिसांचे टोप घालून नाचणारे पाहिजेत. फोटो चांगले येतात."

हेडमास्तर घाबरले. मला म्हणाले, "मॅडम, तुमीच पटेलांना सांगा."

पटेल म्हणजे इथल्या गोंड वस्तीचे प्रमुख. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. मी निरोप सांगितला, तरी त्यांनी हातातलं खुरपं काही खाली ठेवलं नाही. "बाई, तो टोप आमचा देव आहे. दिवाळीत आमचा दंडारीचा नाच असते, तवाच पूजा करून बाहेर निघते. पाहुण्यासाठी काऊन काढू?"

मी हेडमास्तरांना सांगितलं, "टोप येणार नाहीत. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

साहेब आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नाच नाही?"

पटेलांनी त्यांच्यापुढे खुरपं धरलं. "आज आमी शाळेचं मैदान साफ करून राह्यलो. या, बसा."

साहेब दोन मिनिटं बसले, फोटो काढला, गेले. आम्ही दुपारपर्यंत खपलो.

आता म्हणे नाच का झाला नाही, याचा मला लेखी खुलासा द्यायचा आहे. देते की! त्यात एवढंच विचारीन, आणि तुम्हालाही तेच विचारते: पाहुण्याच्या स्वागताला तुम्ही तुमच्या देवघरातला देव गेटवर नाचवता का?