सिस्टरनं मागून घेतलेली भाकर

देवळीच्या वाटेवर कुष्ठरोग्यांचा दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर वारल्या, त्याला बरीच वर्षं झाली. आता चर्च त्यांना संत ठरवायचं म्हणतंय; त्यासाठी एक फादर गावोगाव साक्षी गोळा करतायत. त्यांच्या हाताखाली राबलेली नर्सबाई माझी शेजारीण. ती परवा आली न् म्हणाली, "तुह्या मायले सिस्टरच्या प्रार्थनेनं गुण आला, असं फादरले सांगजो."

"मायले गोळ्यांनी गुण आला. तूच तर देत होती!"

"मंग त्या संत कशा होतीन? चमत्कार लागते ना वो!" तिचे डोळे भरले.

आम्ही बौद्ध, चमत्कार मानत नाही. पण हिचं मन तरी कसं मोडू? मग मला ती दुपार आठवली. माय बरी होऊन घरी आली, तरी तिच्या हातचं कोणी पाणी घेत नव्हतं. सिस्टर या नर्सबाईला घेऊन आल्या, चुलीजवळ बसल्या, मायच्या वाकड्या बोटांनी थापलेली भाकर खाल्ली, वर आणखी अर्धी मागितली. दारात उभ्या बाया बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक मायच्या हातचा चहा पिऊन गेली.

"हे सांगते फादरले," मी म्हटलं. "चमत्कार म्हणायचा का नाई, ते त्याहीनं ठरवावं."

"अन् भाकरीत मीठ कमी म्हणून मायवर खेकसल्या होत्या, ते?"

"तेबी सांगीन."

शेजारीण डोळे पुसता पुसता हसली.