अण्णांनी मोजलेला हंगाम

माझे वडील, म्हणजे अण्णा, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. बाजारातून भेंडी आणली तरी त्यात जून किती टक्के निघाली ते सांगायचे. आई म्हणायची, "टक्के राहू द्या, विळी घ्या."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचे. चढाईला मीच पुढे. गुण सगळ्यांत जास्त माझे, त्यामुळे तोराही माझाच. जिल्ह्याच्या संघात जायचं, एवढंच डोक्यात होतं. त्या हंगामात अण्णा आमचा प्रत्येक सामना बघायला यायला लागले. मैदानावर वही काढली तर लोक निवड समितीतला माणूस समजून चहा पाजतात, म्हणून ते खिशात चिंचोके ठेवायचे. मी गुण आणला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. मी बाद होऊन बाहेर बसले, की तेवढ्या वेळात संघाने गमावलेल्या प्रत्येक गुणाला एक फोडलेला चिंचोका शर्टाच्या खिशात. घरी येऊन सगळे चटईवर ओतायचे आणि मांडत बसायचे. मला वाटायचं, बाप लेकीचं कौतुक मोजतोय.

अंतिम सामना उरला. तो बघायला जिल्ह्याची निवड करणारे येणार होते. आमच्या प्रशिक्षक मॅडम घरी आल्या. "सर, तुम्ही एवढं मोजलंय, तर सांगा, सातांत कोणाला घेऊ?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "हिला बसवा. ही गुण आणते, पण जोशात पकडलीही जाते. ही बाहेर गेली की बाकीच्या घाबरतात, एकेक करत सगळ्या बाद होतात आणि लोण चढतो. आणते त्याहून जास्त आपण घालवतो. बाकावरच्या त्या पेठ तालुक्यातल्या मुलीला पाठवा. ती हात हलवत येते, पण परत येते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतका संताप आला की सामन्यापर्यंत त्यांच्याशी अबोला धरला. पोळी हवी का, हेसुद्धा मी आईकरवी विचारायचे.

सामन्याला मी बाकावर. पेठची मुलगी आत जाताना वाकून म्हणाली, "राग नको धरू गं. मी काय तुझ्यावानी नाय." ती जायची, यायची. सामना इतका रटाळ झाला की लोक शिट्ट्या मारायला विसरले. पण आमच्यावर लोण चढला नाही आणि आम्ही जिंकलो. मला शेवटपर्यंत आत पाठवलं नाही. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तिचं. मी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना गंगापूर रोडला अण्णांनी स्कूटर कडेला घेतली आणि बंद केली.

"आलं ना तुमचं गणित बरोबर?" मी मागून टोमणा मारला.

"आलं." मग मागे न बघता म्हणाले, "शेवटी शेवटी मी मनात म्हणत होतो, चढू दे एकदाचा लोण. चुकू दे माझं गणित. मग तरी मॅडम तुला आत पाठवतील."

हंगामभर आमच्या संघासाठी उन्हात उभा राहिलेला माणूस माझ्यासाठी संघ हरायची वाट बघत होता. मला रडू फुटलं. त्यांच्या पाठीला डोकं टेकून मी तशीच बसून राहिले.

नंतर स्कूटर काही सुरू होईना. मी खाली उतरून ढकलली.