चांगुणाबाईंच्या ओटीवरचं टर्नटेबल

"मेस्त्री, ह्यो परत घ्या. नायतर खाडीत टाकते."

चांगुणाबाईंनी रेकॉर्ड प्लेअर काउंटरवर ठेवला. बाई खाडीकाठच्या दिवाळे गावच्या, मासळीच्या घाऊक धंद्यातल्या. साठचं दशक संपत आलं होतं आणि मी पनवेलला एका रेडिओच्या दुकानात मेकॅनिक होतो. नवी मुंबई नावाचं काही तेव्हा नव्हतं. त्यांच्या गावात वीज नुकतीच आली होती, आणि बाईंनी पहिल्याच वर्षी मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याला जोडायचा रेकॉर्ड प्लेअर आणि वेगळा स्पीकर घेतला होता. त्या काळात घरातलं हाय-फाय म्हणजे एवढंच.

तक्रार जुनीच होती. ओटीवर कोणी नाचलं की सुई उडायची. रेकॉर्डवर बारीक खाच असते आणि सुई तिच्यातून चालते. हादरा बसला की ती खाच सोडते आणि गाणं पहिल्या कडव्यातून थेट तिसऱ्यात जातं. मागे मीच त्यांना उपाय सांगितला होता, की सुईच्या हातावर चार आण्याचं नाणं ठेवा. सगळे तेच करायचे. पण त्या वजनाने खाचा खरवडल्या गेल्या. बाईंच्या रेकॉर्डी आता तव्यात मासे तळल्यासारख्या चरचरत होत्या. तो माझ्याच सल्ल्याचा परिणाम होता, आणि मला त्याची लाज वाटली.

"थोरलीच्या हलदीला मी दोनी हातांनी टेबल धरून उभी व्हते," बाई म्हणाल्या. "आख्खा गाव नाचला. पोरीची आयस तेवडी नाय नाचली. धाकटीची हलद आयतवारी हाय. आता मना नाचायचा हाय."

शेठ गल्ल्यावरून उठून आले. "बाई, तुम्हाला फॉरेनचं टर्नटेबल देतो. खाली स्प्रिंगा आहेत. हे बघा." त्यांनी ते काउंटरवर चालू करून शेजारी बुक्की मारली. सुई हलली नाही.

"शेठ, हा काउंटर दगडी आहे," मी म्हटलं. "बाईंची ओटी फळ्यांची आहे. खाली भरतीचं पाणी येतं."

"तू मेकॅनिक आहेस. विकायचं मी बघतो."

मला मात्र स्प्रिंगांचा भरवसा वाटेना. बारीक थरथर त्या गिळतात हे खरं. पण फळ्या खालीवर व्हायला लागल्या की स्प्रिंगांवरचं यंत्रही झोके घेतं. आमच्या मागच्या खोलीत एक दुसरं टर्नटेबल पडून होतं, बंद पडलेल्या टॉकीजमधून आलेलं. इंटरव्हलला त्यावर गाणी लावायचे. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची जाड चकती, एकही स्प्रिंग नाही, दिसायला अगदी ओबडधोबड. दोघांनी उचलावं लागे. मी त्याला नवा हात आणि नवी सुई बसवली.

"दोन्ही घेऊन येतो," मी बाईंना म्हटलं. "बायकांना जरा नाचून दाखवायला सांगा."

"हलदीच्या आदी नाच? कोन नाचल? पन शुक्रवारी ओटीवर हलद कांडायची हाय. तवा या."

शुक्रवारी गेलो. शेठही आले, मी त्यांचं गिऱ्हाईक बिघडवीन या धास्तीने. ओटीवर दोन उखळं मांडलेली आणि सात-आठ बायका पाळीपाळीने मुसळ घेत होत्या. फॉरेनचं यंत्र टेबलावर ठेवलं. पाचव्या घावाला सुई रेकॉर्डच्या मधोमध जाऊन पडली. बायका हसल्या. शेठ म्हणाले, "जरा हळू कांडा की."

"हलदीला हलू नाचतात काय?" एक म्हातारी म्हणाली.

मग टॉकीजचं लावलं. एक गाणं नीट गेलं. शेठ माझ्याकडे बघेनात. दुसऱ्या गाण्यात दोन मुसळं एकदम पडली आणि सुई उडाली.

शेठ म्हणाले, "बघ. आता गुंडाळ."

मी टेबलाखाली वाकलो. यंत्र जड होतं, पण टेबलाचे पाय फळ्यांवरच होते. बिड कितीही घातलं तरी जमीनच उडत असेल तर काय उपयोग? घराची भिंत मात्र दगडी होती, थेट जोत्यावरून आलेली, आणि ओटीच्या फळ्या तिला कुठेच टेकत नव्हत्या.

"बाई, भिंतीला चार भोकं पाडावी लागतील."

"धा पाडा."

लोखंडी ब्रॅकेट, त्यावर सागाची जाड फळी, फळीवर यंत्र. पुरी संध्याकाळ गेली आणि हाताला दोन फोड आले. फॉरेनचंही चढवून पाहिलं असतं, पण बाईंनी त्याला घरात पुन्हा घेतलं नाही. टॉकीजचं ठेवलं आणि मी सगळी मुसळं एकदम चालवायला सांगितली. गाणं सुरू झालं तसंच संपलं.

रविवारी दुपारी मी हळदीला गेलो, बोलावणं होतं म्हणून आणि राहवलं नाही म्हणूनही. ओटी इतकी हलत होती की मला खांब धरावासा वाटला. चांगुणाबाई थोडा वेळ फळीजवळच उभ्या राहिल्या. दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. मग धाकटीने पिवळ्या हातांनी त्यांना ओढलं आणि बाई नाचल्या, पदर खोचून, तीन रेकॉर्डी संपेपर्यंत. यंत्राकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मेकॅनिकला याहून मोठी पावती मिळत नाही.

सोमवारी शेठ म्हणाले, "फॉरेनचं खपलं असतं ना रे?" खपलं असतं. त्यानंतर मात्र मी कुठलंही मशीन नुसतं दुकानात तपासून विकलं नाही. आधी गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन जमिनीवर उडी मारून बघायचो. लोकांना मी वेडा वाटायचो, पण काउंटरवर कोणी नाचत नाही.