नडगीवरचा बिब्बा

शाळेत लांब पळण्याच्या नादात माझी उजवी नडगी दुखावली. पाच महिने हेच चाललं होतं; ती बरी व्हायची आणि पळायला लागलो की पुन्हा ठणकायची. जिल्ह्याच्या शर्यतीसाठी नावं पाठवायच्या दिवशी कवायतीच्या सरांनी मला शेलूबाजारच्या रस्त्यावर नेलं.

"तीन मैल पळून दाखव, मंग नाव धाडतो. हाडात कळ उठली का थांबजो. लपवशीन तर जनमभर लंगडशीन."

आदल्या दिवशी वडिलांनी मायेपोटी नडगीवर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल लावलं होतं. त्याने कळ जाते असा आमच्या घरी विश्वास होता. कातडी मात्र भाजून फोड आले होते.

पहिला मैल सरला आणि नडगी पेटली. ही आग कातडीची की हाडाची, काही कळेना. दुसऱ्या मैलाच्या दगडाशी मी घाबरून थांबलो. मागून सायकलवर सर आले.

"काहून थांबला बे?"

"बापानं बिब्बा लावला, सर. दुखते कुठं, तेच समजून नाही राह्यलं."

सर रस्त्यावरच बसले. माझा धुळीचा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि फोड चुकवत हाडावर अंगठा दाबत गेले.

"आत दुखते?"

"नाही सर. वरूनच."

"मंग पळ! अन् बापाले सांग, पुढचा बिब्बा माह्या डोक्याले लावा."

तिसऱ्या दगडापर्यंत आग होतच राहिली. पण आता ती कातडीची आहे, हे मला ठाऊक होतं. सरांनी माझं नाव धाडलं. इतक्या वर्षांत सरांच्या त्या मांडीचे उपकार मला फेडता आलेले नाहीत.