म्हाताऱ्याचं कातडं

काय सांगू बापा, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण हा किस्सा मला स्वतःला अजून हसत सांगता येत नाही. अर्ध्यात आलं की हात गार पडतात.

तुम्हाला ठाऊकच आहे, मला दोन व्यसनं. एक गाणं आणि दुसरं खून.

म्हणजे खुनाची पुस्तकं हो! मेहकरच्या वाचनालयात रहस्यकथांच्या कपाटापाशी सगळ्यात जास्त घासलेली फरशी असेल, तर ती माझ्या चपलेनं. दिवसभर पतसंस्थेत कारकुनी करायची, घरी येऊन भाजी फोडणीला टाकायची आणि एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं ती जाळायची! आमचे हे तर म्हणतात, "भाजी करपल्याचा वास आला की समजावं, खुनी सापडला."

आणि गाणं म्हणजे समोर बसून ऐकलेलं, मोबाइलवरचं नव्हे. लहानपणी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून उरसातल्या कव्वाल्या ऐकायची. कव्वालाची टाळी पडली की दचकून उठायची, पुन्हा झोपायची. लग्न झाल्यावर आम्ही बुलढाण्याला गझलेच्या मैफलीला गेलो, तर मी इतकी रडले, इतकी रडले, की शेजारच्या बाई यांच्याकडे रागानं पाहायला लागल्या. त्यांना वाटलं, यांनीच काही केलं!

आता शास्त्रीय कळतं का म्हणाल, तर ते नका विचारू. पुढच्या रांगेतल्या टकलू काकांची मान हलली की माझी हलते. ते "क्या बात" म्हणाले की मागून माझं "वा!". एवढ्या भांडवलावर मी मेहकरात जाणकार म्हणून मिरवत होते. मिरवत *होते*!

तर गेल्या थंडीतली गोष्ट. माझी नणंद शोभाताई डोणगावला दिलेली. तिचे सासरे आबाजी, ऐंशीच्या पुढचे, पण गाण्याचे असे वेडे की बायकोच्या आठवणीत दरवर्षी शाळेच्या पटांगणात गाण्याची मैफल ठेवतात. या वेळी अकोल्याकडचे दोन कलाकार येणार होते, एक गवई आणि एक तबलजी. त्यांची उतरण्याची सोय ताईच्याच घरी. ताईचा फोन आला, "वयनी, तू तं यच पाह्य. तुले गाण्यातलं समजते."

मी दुपारच्या एसटीनं पोचले. घरात सामसूम. ताई आणि तिचे मालक पटांगणात मांडवाच्या कामात. आबाजी मागच्या पडवीत बाजेवर झोपलेले. मी मधल्या खोलीत आडवी झाले आणि पिशवीतून पुस्तक काढलं. पुस्तकात काय? एक श्रीमंत म्हातारा असतो, त्याच्या घरी दोन पाहुणे उतरतात, आणि दोघंही मुळी पाहुणे नसतातच!

आलं ना लक्षात पुढचं? मला नाही आलं.

समोरची खोली आणि मधली खोली यांच्या मधात नुसत्या फळ्या ठोकलेल्या. पलीकडून आवाज आला. जाड, घोगरा.

"म्हातारा आज बोलतच नाही बे."

दुसरा आवाज बारीक होता. "सकाळपासून तोंड फुगवून बसला न थो."

"दे मंग चार हातोड्या. मधात नको मारू, कडंकडंनं हान. आपसूक बोलन."

माझं पुस्तक छातीवर आपटलं.

"अन् फुटला तं?" बारीक आवाज.

"फुटला तं फुटला. तसाही लय दिवसाचा नाही आता. उद्या कातडं काढू त्याचं अन् नवीन चढवू."

कातडं काढू! अहो, माझ्या पुस्तकातले खुनी निदान विष तरी देत होते!

मी फळीला कान लावला. बारीक आवाज विचारत होता, "संध्याकाळी कसं करू मंग?"

"सुरुवातीले लहान लहान तुकडे कर. लोकं रंगात आले की मोठे. अन् शेवटी तीनदा मारून मोकळा हो. हातोडी घेतली ना?"

"पिशवीतच हाय."

घरात म्हातारा एकच. आबाजी! त्यांचं रस्त्यालगतचं वावर, त्याच्यावरून पुतण्यांशी चाललेला वाद, सगळं माझ्या डोळ्यापुढं भराभर जुळत गेलं. पुतण्यांनीच माणसं पाठवली! कलाकार म्हणे!

यांना फोन लावला. आवाज अगदी बारीक केला. "अहो, इथं खून होऊन राह्यला!"

हे शांतपणे म्हणाले, "कोणत्या पानावर?"

"पानावर नाही हो! खराखुरा! आबाजीचा!"

"पुस्तक मिट अन् झोप जराशी," असं म्हणून यांनी फोन ठेवला. अशा माणसाशी मी संसार करते.

तेवढ्यात दारावर टकटक. मी उघडलं तर समोर दाढीवाला, जाड आवाजाचा. डोळे लालबुंद. मागे तो बारीक आवाजाचा, हाडकुळा, लांबलांब बोटांचा. बोटं पाहूनच मी पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतला.

"बाई, जराशी पावडर भेटन काय?" हाडकुळ्यानं विचारलं. "हाताले लावाले."

हाताला! म्हणजे ठसे उमटू नयेत म्हणून! मी मुकाट्यानं ताईचा पावडरचा डबा दिला. नाही म्हणायची ताकद कोणात होती?

"अन् आबाजी कुठी हायेत?" दाढीवाला म्हणाला. "सुरुवातीच्या आधी त्याईच्या पाया पडाचं होतं."

"ते... ते वावरात गेले," मी म्हणाले. पडवीतून त्याच क्षणाला आबाजींचं घोरणं ऐकू आलं. मी मोठ्यांदा खोकले. खोकतच राहिले. दोघं एकमेकांकडे पाहून म्हणाले, "बाईले दमा दिसते," आणि चहा प्यायला बाहेर गेले.

मी त्यांच्या खोलीत घुसले. पिशवी उघडीच होती. आत खरंच हातोडी! लहानशी, पितळेची, चकचकीत. आणि खाटेखाली दोन गाठोडी. गोल. डोक्याएवढी.

उघडून पाहायची हिंमत झाली नाही. तेवढी झाली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. मी मनाशी म्हणाले, ही याआधीची डोकी असतील! हातोडी उचलली आणि पडवीत धावले.

आबाजींना गदागदा हलवलं. त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाले, "आबाजी, आवाज करू नका. आवाज केला तर जीव जाईल! मुकाट्यानं माझ्यासंग चला."

आबाजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. मला बरं वाटलं. म्हातारा हुशार आहे, लगेच परिस्थिती समजला!

"बाई, माह्याजवळ काही नाही व," ते पुटपुटले.

"बोलू नका म्हटलं ना!" मी हातोडी हलवून त्यांना गप्प राहायची खूण केली आणि दंडाला धरून मागच्या दारातून काढलं. विहिरीजवळून जाताना हातोडी आत फेकली. त्या घाईत आबाजींच्या पायातली एक चप्पल तिथंच निसटली. माझं लक्ष नव्हतं. परसात टोकाला एक खोली होती, भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला. आबाजींना त्या कापसात बसवलं, कडीला लटकत असलेलं कुलूप बाहेरून घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मग मी गावात पोलीस पाटलांचं घर शोधत निघाले. ते मांडवात होते. मांडवात गेले तर ते घरी गेले होते. घरी गेले तर ते पुन्हा मांडवात! प्रत्येक वळणावर वाटायचं, मागून दाढीवाला येतोय. एकदा तर मी चक्क एका बकरीला "सोडा हो मला!" म्हणून हात जोडले. तिनं माझा पदर धरला होता.

परत आले तेव्हा सूर्य खाली गेला होता, आणि घरामागं विहिरीपाशी अर्धं डोणगाव गोळा झालं होतं.

"वयनी व!" शोभाताई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "आबाजी सापडून नाही राह्यले! त्याईची चप्पल इहिरीजवळ सापडली!"

ताईला बाजूला घेऊन सांगावं, तर ते दोघं तिच्या मागेच उभे. मी तोंड उघडलं की हे पळतील, नाहीतर कुलूप तोडतील! तोवर एक गडी दोर धरून विहिरीत उतरला होता. पाणी कमरेएवढंच होतं. सगळे वाकून पाहत होते. खालून आवाज आला, "आबाजी नाहीत! पण हे सापडलं!"

तो वर आला. हातात हातोडी.

हाडकुळा पुढे होऊन म्हणाला, "अरे! ही तं माही हातोडी!"

एकदम गलका झाला. "काय केलं बे आबाजीचं?" "धरा रे याले!" दोघातिघांनी हाडकुळ्याची कॉलर पकडली. तो म्हणत होता, "मी काय केलं? मले काय माहीत?" दाढीवाला मधे पडायला गेला, तर त्यालाही ढकलून दिलं. हाडकुळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पाणी पाहून पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की खुनी असा रडत नाही.

पोलीस पाटील त्याच वेळी उगवले. कोणीतरी हात उगारला होता. मी किंचाळले, "मारू नका! आबाजी कापसात हायेत!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मीच कोंडलं त्यांना," मी म्हणाले. "हे दोघं त्यांना मारणार होते. मी कानानं ऐकलं! म्हाताऱ्याला हातोड्या घालू, कातडं काढू, तुकडे करू, शेवटी तीनदा मारू..."

गवई दाढी खाजवत राहिला. तबलजी डोळे पुसता पुसता थांबला. एकदम आत पळाला आणि ती दोन गाठोडी घेऊन आला. त्यानं एकाची गाठ सोडली. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"पाहा न बाई," तो म्हणाला. "हा म्हातारा."

तबला होता. जुना, काळपट लाकडाचा.

"माह्या गुरुजीच्या हातचा. म्हून आमी याले म्हाताराच म्हंतो. थंडीनं आवाज बसला त्याचा. हातोडीनं सुरात लावा लागते. कातडं ढिलं झालं म्हून बदलाचं होतं. अन् पावडर लावली की घामानं बोटं चिकटत नाहीत."

"आणि तुकडे?" मी विचारलं. विचारलं का, देव जाणे!

"तुकडा म्हंजे तबल्यावरचे बोल, बाई. अन् शेवटी एकच बोल तीनदा वाजवून संपवते, त्याले तिहाई म्हंतात."

शोभाताई हळूच म्हणाली, "वयनी, तुले तं गाण्यातलं समजते ना?"

गाव हसलं. पोलीस पाटील तर विहिरीच्या काठावरच बसले, पोट धरून. मी मात्र विहिरीत पाणी किती आहे ते पुन्हा एकदा पाहून घेतलं. कमरेएवढंच होतं, काही उपयोग नव्हता.

मी त्या दोघांपुढं हात जोडले. तबलजी भला माणूस. म्हणाला, "जाऊ द्या बाई. इतक्या ध्यानानं आमचं बोलणं आजवर कोनं आयकलं नव्हतं."

मग कुलूप उघडलं. दिव्याच्या उजेडात आबाजी दिसले, डोक्यापासून पायापर्यंत कापसानं पांढरे. मी धावत पुढे झाले, "आबाजी, माफ करा!"

आबाजी दोन पावलं मागे सरकले आणि लेकाच्या पाठीआड लपले.

"हिले दूर करा रे!" ते ओरडले. "झोपीतून उठवलं, हातात हातोडी, म्हने आवाज केला तं जीव जाईन! मी तवापासून रामरक्षा म्हनून राह्यलो!"

अख्ख्या डोणगावात त्या दिवशी एका माणसाला खरोखर खुनी भेटला होता, आणि तो खुनी मी होते!

मैफल झाली. उशिरा सुरू झाली, पण काय रंगली हो! गवयाच्या लाल डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो गात होता. म्हातारा असा खणखणीत बोलला की मी भीती, लाज, सगळं विसरले. फक्त तबलजी दर वेळी हात थांबवून मला विचारायचा, "बाई, तुकडा करू काय?" आणि सगळं पटांगण माझ्याकडे वळून पाहायचं. मी मान हलवली की मगच पुढे. टकलू काकांच्या मानेकडे बघायची सोयच राहिली नाही.

यंदा पुन्हा बोलावणं आलं. हे म्हणाले, "जाय, पण पुस्तक घरी ठेव." ठेवलं. दुपारी पोचले. आबाजींच्या खोलीचं दार बंद होतं. मी हळूच कडी वाजवली.

"कोन?" आतून आवाज.

"आबाजी, मी. मेहकरची. पाया पडायला आले."

आत बाज करकरली.

"खिडकीत ये," आबाजी म्हणाले, "अन् आधी दोन्ही हात दाखव."

दाखवले हो! पालथे करूनसुद्धा दाखवले.

"हां," ते म्हणाले. "आता तिथूनच पाया पड."