गेमबद्दल मत दिलं आणि हे उत्तर आलं

मंडळी, एकाच रॉक बँडच्या गाण्यांवरचा तो खोट्या गिटारवर बोटांनी बटणं दाबायचा गेम मी खेळते, तुम्हाला माहीत आहेच. आज दुपारी खेळाडूंच्या ग्रुपवर लिहिलं, "गाणी झकास, पण शेवटचं उगाच कठीण केलंय."

कुणी पटलं म्हणालं, कुणी भांडलं. एका अनोळखी माणसाने लिहिलं, "कठीण नाही. तू डावी करंगळी उशिरा उचलतेस."

खेळतानाचा व्हिडिओ मी कधीच टाकलेला नाही.

मी धावत जाऊन बागेकडची खिडकी लावली. सासूबाईंना विचारलं, "आई, बागेत कोण आहे?"

"आता कोण नाय गो. रोज काजीच्या झाडाखाली बसता तो मनीस आत्ताच गेलो."

नवरा वास्कोहून निघालाय. तोपर्यंत पार्से गावाजवळ तुमच्यापैकी कोणी आहे का?