धुऱ्यावरची गंजी

एम.एस्सी. झाल्यावर मला नोकरी लागली ती रसायनांच्या एका कंपनीत. खनिज तेलापासून होणारी रसायनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांतून काढायची, असा कंपनीचा मनसुबा होता. जमिनीखालून उपसायचा नाही, दरवर्षी वावरात उगवेल तो कार्बन! कळंबजवळच्या आमच्या गावात मी हे इतक्या तोऱ्यात सांगत फिरले, की आता स्वतःचीच चीड येते.

त्या वर्षांत बोंडअळीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. वेचणी संपली की लोक काड्या उपटून जाळत. मी भावाला म्हटलं, जाळू नकोस, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर गंजी लाव, महिनाभरात ट्रक येईल.

"वाळल्या बोंडात अळी राह्यते ना वं," तो म्हणाला. "पेरणीपावतर काडी वावरात ठेवू नाही."

"त्याआधीच नेतील. माझी जबाबदारी."

बहिणीचा शब्द म्हणून त्यानं ठेवली.

ट्रक आलाच नाही. मधेच खनिज तेल स्वस्त झालं आणि साहेबांना पऱ्हाटी परवडेनाशी झाली. "थांबा, बघू," असे निरोप यायचे, ते मी इमानेइतबारे घरी पोचवायचे. पेरणी तोंडावर आली तेव्हा वहिनी काडीपेटी घेऊन गंजीकडे निघाली होती. तिलाही मीच अडवलं.

पीक फुलावर आलं आणि वहिनीनं मला वावरात नेलं. एक मिटलेलं फूल तिनं बोटांनी उकललं. आत गुलाबी अळी. गंजीलगतच्या ओळींत अशा न उमललेल्या डोमकळ्याच डोमकळ्या होत्या, आणि धुऱ्यापलीकडे शेजारच्या काकांच्या वावरातही.

काका तिथंच उभे होते, भाऊही. "बाई, तू शिकेल हायस. तुमच्या गंजीतूनच आली ना हे?"

मला उत्तर ठाऊक होतं. प्रयोगशाळेत नमुन्याच्या अशाच काड्या चिरताना बोंडांतल्या अळ्या मी चिमट्यानं काढून फेकल्या होत्या. पण नोकरी होती, आणि गावात मिरवलेली अक्कल होती.

"तसं लगेच सांगता येत नाही," मी म्हणाले. "तपासावं लागेल."

"त्यात काय तपासाचं?" भाऊ म्हणाला. "गंजी माही होती, काका. म्याच ठेवली."

त्यानं माझं नाव घेतलं नाही. निदान तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. काका पुढं दोन वर्षं भावाशी बोलले नाहीत. मी दिसले की मात्र थांबून विचारपूस करायचे, शिकलेली पोरगी म्हणून.